डॅशबोर्डमागचा गोड वास

अहो, इकडे. चष्म्याच्या दुकानाच्या काचेत बघा. खालच्या फळीवर, अक्षरांच्या तक्त्याशेजारी एक चपटी, जाळीदार, वहीएवढी वस्तू उभी आहे ना, जिच्या दोन नळ्यांना दोन चष्मे लटकलेत? तो मी. मी हीटर कोर बोलतोय.

नाव ऐकून तुमचा चेहरा कोरा झाला, यात नवल नाही. गाडीवाल्यांनासुद्धा मी माहीत नसतो. इंजिनाचं कौतुक होतं, टायरची लोक लाथ मारून का होईना विचारपूस करतात, हॉर्नला तर रस्ताभर मान. आणि थंडीत ज्याच्या जिवावर तुम्ही बोटं शेकता, तो मी डॅशबोर्डच्या पोटात अंधारात पडलेला. माझं काम साधं असतं. इंजिन तापतं, म्हणून त्याच्या अंगातून एक रंगीत पाणी फिरवतात, त्याला कूलंट म्हणतात. ते तापलेलं पाणी एका नळीनं माझ्याकडे येतं, माझ्या बारीक बारीक वाहिन्यांतून हिंडतं आणि दुसऱ्या नळीनं परत जातं. पंखा मागून फुंकर घालतो, माझी ऊब उचलतो आणि तुमच्या पायांवर, हातांवर, पुढच्या काचेवर नेऊन सोडतो. वर तुम्ही म्हणता, "पंखा छान आहे हो या गाडीचा." पंखा! ज्यानं जन्मात वारा घालण्यापलीकडे काही केलं नाही तो! असो. मी मनाला लावून घेत नाही. थोडंसं घेतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. भट्टीतून निघालो तेव्हा अंग असं चकचकीत होतं की दृष्ट लागावी. मला पाण्यात बुडवलं, पोटात हवा भरली आणि कुठून बुडबुडा येतो का ते बघितलं. एकही आला नाही. त्या परीक्षेचा मला आजही अभिमान आहे, कारण पुढे आयुष्यात दुसरी कुठली मी पास झालो नाही. मग मला एका डब्यात कोंबलं, डब्यावर नळकांडी, नळकांड्यांवर वायरी, त्यावर डॅशबोर्ड, त्यावर स्टिअरिंग. मिस्त्री लोक चेष्टेत म्हणतात, की कारखान्यात आधी हीटर कोर टेबलावर ठेवतात आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधतात. मी तिथे हजर होतो. फारसं खोटं नाही ते.

गाडी गेली एका चष्मेवाल्याच्या घरी. घरात माणसं तीन. मी कधी कुणाचा कागद वाचला नाही, त्यामुळे जी नावं कानावर पडली तीच सांगतो. चष्मेवाले म्हणजे दादा. त्यांची बायको म्हणजे वहिनी. आणि दादांची धाकटी बहीण, जिला वहिनी 'वन्सं' म्हणायच्या, म्हणून मीही वन्संच म्हणतो. सकाळी तिघं एकाच गाडीतून निघायची. दादा दुकानात, वहिनी औषधांच्या दुकानात, वन्सं पोस्टात. दादा चालवायचे, वहिनी पुढे त्यांच्या शेजारी, वन्सं मागे. वहिनींनाही गाडी यायची, लायसनसुद्धा होतं, पण दादांनी चावी कधी हातातून सोडली नाही. झोपतानाही उशाशी घेत असावेत.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. माझी ऊब मागच्या सीटपर्यंत पोचत नाही. पुढे बसणाऱ्याचे पाय उबदार आणि मागे बसणाऱ्याच्या पायांची बोटं गोठलेली, अशी आमच्या गाडीची रचनाच होती. वन्सं रोज मागून उसासे टाकायच्या. "बसा बाई पुढे शेकत. आमचं काय, आम्ही आहोत इथे बर्फात." वहिनी म्हणायच्या, "वन्सं, मोजे दोन घाला." वन्सं म्हणायच्या, "तीन घातलेत!"

दादा माणूस वाईट नाही, पण उंटावरचा शहाणा. गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं असतं, की कूलंट ठरलेल्या मुदतीत बदला, एकाच जातीचं वापरा, नळाचं पाणी ओतू नका. दादांनी ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोरा बांधून, पुढच्या कप्प्यात जपून ठेवलं होतं. उघडलं कधीच नाही. कूलंट कमी झालं की झाडांना पाणी घालायची झारी घेऊन यायचे आणि नळाचं पाणी ओतायचे. एकदा हिरवं कूलंट संपलं, तर शेजाऱ्याकडचं लाल ओतलं. शेजारी म्हणाला, "अहो, दोन्ही एकत्र चालतं का?" दादा म्हणाले, "पोटात गेल्यावर सगळं एकच."

कुणाच्या पोटात? माझ्या! त्या दोन रंगांचं माझ्या वाहिन्यांत असं काही जमलं, की चिखल म्हणावा की खीर, मलाच कळेना. नळाच्या पाण्यानं आतून गंज आणि खडूसारखा थर धरला. ऊब कमी व्हायला लागली. दादांनी मग कुठूनतरी गळती बुजवायची पावडर आणून ओतली. गळती तेव्हा नव्हतीच. "होऊ नये म्हणून," म्हणाले. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

अशातच डॉक्टरीणबाईंनी वहिनी आणि वन्सं दोघींनाही एकाच दिवशी गोड बंद करायला सांगितलं. परत येताना गाडीत जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मला कान नाहीत, पण जाळी आहे.

वन्सं मागून म्हणाल्या, "माझं काही नाही. माझं मन घट्ट आहे. वहिनीचंच अवघड आहे."

"माझ्या मनाची काळजी तुम्ही नका करू," वहिनी म्हणाल्या.

"मग लाव पैज. जी आधी गोड खाईल ती मागे बसेल. कायमची."

"लावली."

"दादा, तू पंच."

दादांनी घसा खाकरला. कुणी पंच केलं की ते आधी घसा खाकरायचे. मला त्याच क्षणी धडधडायला लागलं, कारण आता पैजेचं बक्षीस अप्रत्यक्षपणे मीच होतो.

वहिनींनी खरोखर शब्द पाळला. चहासुद्धा बिनसाखरेचा. पोस्टातल्या कुणीतरी परातीएवढा मोठा केक आणला, तेव्हा वन्संनी त्यांच्यासाठी मुद्दाम तुकडा बांधून आणला होता. वहिनींनी तो गाडीच्या खिडकीतून कावळ्याला दिला. वन्संचं काय चाललं होतं, ते मला ठाऊक नाही. मागून कधीकधी कागद चुरचुरल्याचा आवाज यायचा आणि दादांनी विचारलं की वन्सं म्हणायच्या, "खोकल्याची गोळी." आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला. खोकला मात्र मी कधी ऐकला नाही.

आणि मग एक दिवस माझ्या अंगाला भोक पडलं.

मोठं नाही, टाचणीच्या टोकाएवढं. गंजानं खाल्लं होतं तिथे. तापलेलं कूलंट त्यातून थेंब थेंब बाहेर यायला लागलं. आता कूलंटचा वास कसा असतो, माहीत आहे? गोड. अगदी पाकासारखा गोड. पंखा चालू केला की तो वास पुढच्या सीटवर भपकन यायचा.

दादांनी नाक वर केलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मग मान हळूच वहिनींकडे वळवली.

"काय?" वहिनी म्हणाल्या.

"काही नाही," दादा म्हणाले, आणि पुन्हा हुंगलं.

मागून वन्संनी डोकं पुढे काढलं. "मला पण येतोय. पुढूनच येतोय!"

मला तोंड नाही. मला बोलता येतं ते तीनच भाषांत: वास, वाफ आणि ओल. वासाची भाषा यांना कळेना म्हणून मी वाफेत सांगून बघितलं. पुढची काच आतून धुरकट व्हायला लागली. दादा खास चष्म्याच्या कापडानं पुसायचे, पण काच काही साफ होईना. नुसती चिकट चिकट व्हायची. साध्या श्वासाची वाफ अशी चिकटत नाही, आणि काचांवरच पोट असलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण नाही. दादा म्हणाले, "तुम्ही दोघी फार बोलता. श्वासानं काच धुरकटते. उद्यापासून गाडीत बोलणं बंद."

"अहो, पण..."

"बोलू नका. काच धुरकटते."

झालं. गाडीत मौन सुरू झालं. वहिनींवर आळ, आणि वर तोंड उघडायची चोरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग मी तिसऱ्या भाषेत ओरडलो. वहिनींच्या पायाखालचा गालिचा ओला झाला. दादा खाली वाकले, बोट लावलं, बोट वासाला नाकाशी नेलं आणि निकाल दिला, "सरबत सांडलंय."

"मी सरबत प्यायलेलंच नाही!"

"प्यायली असं कुठे म्हणतोय मी? सांडलंय म्हणतोय."

गाडी कडेला थांबवायला लावून वहिनींनी दादांसमोर तोंड उघडून दाखवलं. दादांनी खिशातून छोटा टॉर्च काढून, एक डोळा मिटून आत बघितलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघतात तसं. म्हणाले, "आता काही दिसत नाही. चूळ भरली असशील."

"माझ्या शब्दावर तुमचा विश्वास नाही?"

"विश्वास आहे गं," दादा म्हणाले, "पण नाकपण आहे."

वहिनी दार उघडून उतरल्या, मागचं दार उघडलं आणि वन्संना म्हणाल्या, "या बाहेर. बसा पुढे." वन्सं टुणकन उतरल्या. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवलं, आणि चोर मी डॅशबोर्डमागे टपटपत बसलो होतो. त्या दिवशी वहिनी मागे बसून रडल्या. आवाज न करता रडल्या, पण मागचा आरसा जरा माझ्या दिशेनं कललेला होता, म्हणून मला दिसलं. सीट गेल्याचं त्यांना काहीच नव्हतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसानं आपल्यापेक्षा स्वतःच्या नाकावर जास्त विश्वास ठेवला, हे त्यांना लागलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी आणखी गळलो.

आता वन्सं पुढे. पहिल्याच दिवशी ऐटीत बसल्या, पाय पसरले, आणि पंखा सुरू झाल्याबरोबर भपकन वास. वन्संचे डोळे मोठे झाले. मग मोज्यातून ओल वर चढली. वन्संनी हळूच पाय उचलले. डॅशबोर्डच्या जाळीशी नाक आणलं, म्हणजे माझ्या अगदी समोर, हुंगलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्या घरात ज्यांना कळलं अशा त्या पहिल्या.

पण सांगतील तर शपथ! सांगितलं असतं तर पुढची सीट गेली असती.

"वास अजून येतोय," दादा म्हणाले. "आता तूपण?"

"छे! जुना आहे. वहिनीनं खाल्लेलं सीटमध्ये मुरलंय."

दुसऱ्या दिवसापासून वन्सं तयारीनं यायला लागल्या. पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. माझ्या समोरच्या जाळीत हातरुमाल कोंबलेला. तरी वास येतोच म्हटल्यावर भर थंडीत खिडकी उघडी. बाहेरचं वारं तोंडावर, नाक लाल, दात कडकड वाजतायत, आणि बाई पुढच्या सीटवर! मौनाचा नियम होता म्हणून बरं, नाहीतर बोलायला जबडा हलला नसता. माझ्याकडून आता ऊबही येत नव्हती. मी अर्धा चिखलानं तुंबलेला, अर्धा गळालेला. मागे वहिनी थंड, पुढे वन्सं त्याहून थंड, आणि मध्ये दादा दोन टोप्या घालून गाडी हाकतायत.

एका सकाळी मागून एक हात आला. वहिनींनी आपल्या अंगावरची शाल काढली होती आणि वन्संच्या खांद्यांवर नीट पांघरत होत्या. कानाच्या मागे खोचलीसुद्धा. एक शब्द बोलल्या नाहीत. नियमच होता.

वन्संच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. मग त्या एवढ्या जोरात ओरडल्या की दादांची वरची टोपी खाली पडली.

"दादा, थांबव गाडी! वहिनीनं काही खाल्लं नाही! ही गाडीच गोड खातेय!"

दादांनी करकचून ब्रेक मारला. "काच धुर..."

"धुरकटू दे! हुंग इथे! इथे जाळीपाशी! माझे मोजे बघ! मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. मला पुढे बसायचं होतं!" आणि वन्सं शालीत तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागल्या.

दादांनी जाळीशी नाक आणलं. मी होतं नव्हतं ते सगळं बळ एकवटून वास सोडला.

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं गाडीत डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "हीटर कोर गेलाय. दोन दिवस लागतील."

"किती मोठा असतो?" दादांनी विचारलं.

मिस्त्रीनं हातानं वहीएवढं माप दाखवलं.

"एवढ्यासाठी दोन दिवस?"

"काढायला दोन मिनिटं लागतात हो. त्याच्यापर्यंत पोचायला दोन दिवस."

इंजिन पूर्ण गार झाल्यावर त्यानं कूलंट खाली पातेल्यात उतरवलं, इंजिनाच्या बाजूनं माझ्या दोन्ही नळ्या सोडल्या आणि मग गाडीच्या आतलं एकेक उपसायला घेतलं. कप्पा निघाला, स्टिअरिंग निघालं, अख्खा डॅशबोर्ड उचलून बाकावर ठेवला. वायरी लोंबायला लागल्या. आपल्या गाडीची आतडी बघून दादांना खुर्ची द्यावी लागली. शेवटी डबा उघडला आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा माझ्या अंगावर ऊन पडलं. मी लाजलो. अंगावर हिरवट पापुद्रे, नळीला तपकिरी फेस, माणसांसमोर जायची ती अवस्था नव्हती.

मिस्त्रीनं माझ्या एका नळीतून पाणी सोडलं. दुसरीतून बराच वेळ काही आलं नाही. मग भळ्ळकन तो चिखल आला. "यात काय काय ओतलंय?"

दादांनी खाली मान घालून सांगितलं: झारीचं पाणी, हिरवं, लाल, पावडर.

"हिंग-मोहरीच काय ती राहिली," वहिनी म्हणाल्या. कित्येक दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकला.

दादा उठून पुढच्या काचेपाशी गेले. काचेवर बोट फिरवलं, दोन बोटांत तो चिकट थर चोळला, बराच वेळ चोळला. मग खात्री करायला बोट जिभेकडे नेलं. मिस्त्रीनं फाडकन त्यांच्या हातावर मारलं. "विष आहे ते! वासाला गोड, पण पोटात गेलं तर दवाखाना गाठावा लागेल. कुत्र्यामांजरांनाही चाटू द्यायचं नाही."

दादा बोट तसंच धरून वहिनींकडे वळले. "अगं, चुकलं माझं."

"दुकानावर पाटी लावा," वहिनी म्हणाल्या. "घरची माणसं सोडून सगळ्यांची नजर तपासून मिळेल."

मिस्त्रीनं मग बाकीची सगळी वाट स्वच्छ पाण्यानं धुऊन काढली, नवा कोर बसवला, एकाच जातीचं नवं कूलंट भरलं, गाडीचं नाक चढावर ठेवून आतली हवा काढली. सगळं जोडून झाल्यावर त्याच्या हातात दोन स्क्रू उरले. त्यानं ते बघितले, इकडेतिकडे बघितलं, आणि खिशात टाकले. "कंपनीनं जास्तीचे दिले होते," म्हणाला.

पण त्याआधी एक गोष्ट झाली. ओला गालिचा काढताना त्यानं तो मागपर्यंत उचलला, तर पुढच्या सीटखालून चॉकलेटच्या चांद्यांचा ढीग निघाला. मागच्या सीटवरून पायानं ढकलत ढकलत पुढे सारलेल्या. सोनेरी, चंदेरी, चुरगळलेल्या. दादा तेव्हा बाहेर चहाला गेले होते. वन्सं एकदम छताकडे बघायला लागल्या. वहिनींनी ढिगाकडे बघितलं, वन्संकडे बघितलं, आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "टाका कचऱ्यात. जुन्या आहेत."

मला दादांनी टाकू दिलं नाही. "असू दे, कधीतरी लागेल," म्हणून कागदात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं. येताना दोघी मागेच बसल्या, मला मध्ये घेऊन. पुढची सीट रिकामी होती आणि नवा कोर बिचारा तिला ऊब देत होता. बऱ्याच वेळानं वहिनी अगदी हळू म्हणाल्या,

"वन्सं, एक मलापण द्या."

वन्सं दगडासारख्या बसल्या. "कसलं एक?"

"खोकल्याची गोळी. आळ आलाच आहे, तर निदान चोरी तरी करू दे."

पर्सची चेन वाजली. मग माझ्या डोक्यावर कागद चुरचुरला. अर्धं वहिनींनी खाल्लं, अर्धं वन्संनी. मग दोघी शालीत तोंड घालून एवढ्या हसल्या की मीसुद्धा हललो. "काय झालं?" दादांनी विचारलं. कुणी सांगितलं नाही.

तर असा मी इथे आलो. दादांनी मला घासून पुसून काचेत ठेवलं. नळ्या बाहेर आलेल्या आहेत म्हणून चष्मे छान लटकतात. गिऱ्हाईक विचारतं, हे काय आहे? दादा म्हणतात, "आमचा घरचा साक्षीदार." मला पेन्शन लागल्यासारखं वाटतं. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कूलंट वेळेवर बदला, एकाच जातीचं भरा, झारी झाडांपाशी ठेवा. आणि गाडीत कधी गोड वास आला, तर शेजारच्या माणसाचं तोंड उघडायला लावण्याआधी एकदा डॅशबोर्डमागे बघा. तिथे माझाच कुणी भाऊबंद जीव तोडून ओरडत असेल.

थांबा, नऊ वाजले. ती बघा, गाडी आलीच. काच बघा कशी लख्ख आहे! चालवतायत कोण? वहिनी. चावी आता त्यांच्या पर्समध्ये असते, चॉकलेटशेजारी. पुढे त्यांच्या शेजारी वन्सं, पाय पसरून. आणि मागे दोन टोप्या, मफलर आणि हातमोजे घातलेलं जे गाठोडं दिसतंय ते दादा. गाडी थांबली, खिडकी खाली झाली, आणि इथपर्यंत ऐकू येतंय.

"अगं, मागे फार गार लागतं गं! माझी बोटं..."

आणि पुढच्या सीटवरून दोघी एका सुरात,

"बोलू नका. काच धुरकटते."